आरसा किती मोठा होता?

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा जुना विद्यार्थी घरी आला. सोलापुरात लग्नांचे व्हिडिओ काढतो. पण त्याला सिनेमाचा छायाचित्रकार व्हायचंय. मुंबईतल्या काही जणांना ‘सहाय्यक म्हणून घ्या’ असं पत्र धाडायचं होतं.

“सर, इंग्रजी जरा बघून द्या.”

इंग्रजी बरं होतं, पण पत्रात हा मुलगा कुठेच नव्हता. लहानपणापासूनची आवड, मेहनतीची तयारी, टीममध्ये मिसळण्याचा स्वभाव. असं पत्र कुणीही लिहील.

“लग्नांचं काम का नाही लिहिलंस?”

“हसतील, सर.”

उर्दू शाळेचाही उल्लेख नव्हता. त्याबद्दल मी विचारलं नाही. मी तिथेच शिकवतो.

मग त्याने मोबाइलवर दोन मिनिटांची फिल्म दाखवली. मामूंच्या यंत्रमागाची शेड. आत अंधार, लाइट भाड्याने आणायला पैसे नाहीत. पठ्ठ्याने अम्मीच्या कपाटाचा आरसा काढून बाहेर उन्हात उभा केला, दुसरा लहान आरसा आत ठेवला. उन्हाचा झोत थेट मागावर. हवेतल्या कापसाच्या तंतूंमुळे तो झोत दिसतोसुद्धा. ऊन सरकलं की धाकटा भाऊ आरसा फिरवायचा.

‘कागज के फूल’मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत उन्हाचा झोत असाच आरशांनी आणला होता. म्हटलं, “मूर्तींचं बघून केलंस का?”

“कोण मूर्ती, सर?”

मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. म्हटलं, बाबा, हे लिही. आणि लग्नंही लिही. निकाहला रीटेक नसतो. ‘कबूल है’ हुकलं तर हुकलं. बायकांच्या बाजूला एखाद्या नानीने नको म्हटलं की तू कॅमेरा खाली ठेवतोस, तेही लिही. फिल्ममध्ये प्रकाश तुझा, कॅमेरा तुझा, संकलन मित्राचं, हे स्पष्ट सांग. नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी कुणी कॅमेरा देत नाही. बॅटऱ्या चार्ज करीन, लेन्सच्या पेट्या सांभाळीन, असं सरळ लिहून टाक.

सगळं झाल्यावर त्याने हळूच विचारलं, “नाव पूर्ण लिहू, सर?”

मी लगेच बोललो नाही. बीएड झाल्यावर मराठीच्या जागेसाठी एका शाळेत मुलाखतीला गेलो होतो. अर्जावरचं नाव वाचून एक जण म्हणाले, “उर्दूची मुलाखत उद्या आहे.” मी मराठीसाठीच आलोय म्हटल्यावर ज्ञानेश्वरीतली ओवी म्हणायला लावली. म्हटली. “मराठी छान आहे हो तुमचं!” नोकरी मिळाली नाही. घरात आजीपासून सगळे मराठी बोलतात, छान नसायला काय झालं? पण हे तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोललो नसतो.

“पूर्ण लिही,” मी म्हणालो. आवाज हवा तितका ठाम निघाला नाही. त्याच्या ते लक्षात आलं असावं. तरी त्याने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

अकरा जणांना पत्र गेलं. पंधरा दिवस सामसूम. मग परवा इशाच्या नमाजनंतर त्याचा फोन आला. एकाचं उत्तर आलं होतं, एकाच ओळीचं: आरसा किती मोठा होता?

“काय लिहू, सर?”

“अरे, मोजून लिही.”

फोन चालू ठेवूनच तो अम्मीकडे टेप मागत होता.