रोहिणीच्या आधीचं परडं

मे महिन्यातलं कोकण म्हणजे काय, हे आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. हापूस, तारकर्ली, स्कूबा, सोलकढी. फार तर कोंबडी-वडे. भाजीचं नाव कुणी घेणार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. मेमध्ये कुडाळच्या बाजारात जी भाजी दिसते ती बरीचशी घाट उतरून आलेली असते. पण याच महिन्यात, जांभ्याची जमीन तव्यासारखी तापलेली असताना, घराघरांच्या मागे एक जुगार सुरू होतो.

घरामागच्या त्या जागेला तिकडे 'परडं' म्हणतात. परसबाग हा आपला पुस्तकातला शब्द. परड्यात माड असतात, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजलेलं असतं, कोंबड्या दिवसभर उकरत असतात. आणि चतुर्थीची भाजी होते ती याच जागेत.

चतुर्थीची भाजी हे काय प्रकरण आहे, ते मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना सांगावं लागतं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. आमच्याकडे तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. तिला नारळ, सुपारीचे घड, काकडी, पडवळ, शिराळं (म्हणजे आपला दोडका), रानातलं लालभडक कवंडळ असं काय काय बांधतात. बाजारात सगळं विकत मिळतं. पण परड्यातलं पडवळ माटवीला टांगलं की घरच्या बाईची मान जी ताठ होते, ती बघायची चीज आहे.

नेहमीचा रिवाज असा, की २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागलं की वेलांचं बी टाकायचं. दहा-पंधरा दिवसांत पाऊस येतो, पुढचं तो बघतो. २०२५ मध्ये मात्र चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. काकीने उलटे दिवस मोजले आणि मला फोन केला, "औंदा गणपती लवकर इलेत. रोहिणीची वाट बघत रवलंय तर चवतीक पडवळ गावचा नाय." म्हणजे बी दहा-बारा दिवस आधीच टाकायचं, ऐन उन्हात, विहिरीच्या पाण्यावर. काका गेल्यापासून ती घरात एकटीच असते. गुडघ्यामुळे कळशी उचलवत नाही. तिला खरं तर पाणी ओढणारा माणूस हवा होता. मी आठवड्याची रजा टाकली. कोकणकन्याचं कन्फर्म तिकीट मेमध्ये मिळवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, त्यामुळे तो इथे सोडून देते.

दुसरी गोष्ट काकीने फोनवर सांगितली नव्हती. तिचा मुलगा दोहाला असतो. त्याने पुण्यात फ्लॅट घेतलाय आणि चतुर्थीनंतर तिने तिथे राहायला जावं असं त्याचं म्हणणं. म्हणजे परड्यातला हा कदाचित शेवटचा हंगाम. हे मला कळलं ते तिने बियांच्या बाटल्या काढल्या तेव्हा.

हॉर्लिक्सच्या जुन्या बाटल्या, आत चुलीतली राख, राखेत बिया. राखेने दमटपणा शोषला जातो आणि किडे लांब राहतात. काकडीच्या बिया तर राखेत कालवून भिंतीला थापलेल्या, त्या खरवडून काढाव्या लागल्या. एका बाटलीत चिबुडाच्या फक्त चौदा बिया उरल्या होत्या. आदल्या वर्षी माकडांनी वेल ओरबाडला आणि एकच फळ बियाण्यापुरतं वाचलं. मी म्हटलं, "काकी, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती मिळतात की. 'कोकण श्वेता' पडवळ आहे, 'शीतल' काकडी आहे." गुगल केल्याचं दाखवायला नको का? ती म्हणाली, "ते पण चांगले हत. पण ह्यो बियो माझ्यो नाय गो, सासूच्यो."

यावर काय बोलणार? नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी 'बीजमाता' म्हणून फोटो शेअर केले होते. घरोघरच्या अशा काक्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या बियांची बँक म्हणजे माळ्यावरच्या चार बाटल्या, आणि बी काही फिक्स्ड डिपॉझिट नव्हे. दमट हवेत ते वर्षागणिक दम सोडतं. ठेवून टिकत नाही, पेरून टिकतं.

चौदातल्या नऊ बिया पेरायच्या, पाच मागे ठेवायच्या असं ठरलं.

आता उन्हाचं. मला वाटायचं, पस्तीस डिग्रीत बी भाजून निघेल. पण पडवळ, काकडी, दुधी, भेंडी, चवळी ही सगळी मंडळी उष्णतेचीच भुकेली. गरम मातीत ती भराभर उगवतात. कोथिंबीर-पालकाचे लाड उन्हात पुरवता येत नाहीत. खरा धोका असतो तो माती मधल्या मधे सुकण्याचा. बी एकदा पाणी पिऊन फुगलं की त्याला परत फिरता येत नाही. त्यानंतर एक दिवस जरी माती कोरडी पडली, तरी आतला कोंब मरतो. म्हणून बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि संध्याकाळी पेरायचं, म्हणजे पहिले बारा तास तरी सूर्य आड येत नाही. अर्ध्या पेराएवढं खोल, त्यावर चाळलेलं शेणखत, वर वाळक्या पानांचा पातेरा. पश्चिमेच्या बाजूला माडाचा झाप तिरका उभा करायचा, कारण दुपारी तीनचं ऊनच बेकार. कोंबड्यांसाठी भोवती काट्याच्या फांद्या.

सगळ्यात भारी होतं ते आळं. उन्हाळ्यात रोपाला खोलगट आळं लागतं, पाणी थांबावं म्हणून. पावसात बरोबर उलटं. पाणी थांबलं की मुळं कुसतात, तेव्हा उंचवटा लागतो. काकीने दोन्ही एकात बसवलं. आधी मातीचा ढीग, ढिगाच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा आणि भोवती पाळ. पाऊस आला की पाळ एका बाजूने फोडून टाकायची. इंजिनीअर लोक यालाच डिझाइन म्हणतात.

सकाळी साडेसहाला आणि सूर्य बुडताना मी पाणी ओढायचे. विहीर तळाला गेलेली, दोर संपत आला की मग बादली टेकल्याचा आवाज. प्रत्येक आळ्याला अर्धा तांब्या. थोडं जास्त पडलं की पायरीवरून आवाज यायचाच, "कमी घाल गो, बी कुसतला!" लॅपटॉप उघडायचा मोह सुद्धा झाला नाही, कारण हाताला फोड आले होते. चौथ्या दिवशी काकडी वर आली, मग भेंडी. चिबुडाच्या नवातल्या सहा उगवल्या. पडवळाचं कवच टणक, ते शेवटपर्यंत ताटकळत ठेवतं. मी निघाले त्या सकाळी, १८ मेला, त्याचा वाकडा हिरवा कोंब पातेऱ्यातून डोकावला. काकीने लगेच पातेरा बाजूला सारला आणि पानांवर चिमूटभर राख भुरभुरली. तांबड्या भुंगेऱ्यांना कोवळी पानं फार आवडतात.

त्यानंतर जे झालं ते तुम्हालाही आठवत असेल. दोनच दिवसांत कोकणात जोरदार वळीव सुरू झाला. २५ मेला, रोहिणी लागली त्याच दिवशी, मान्सून सिंधुदुर्गात दाखल झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईत आला, हवामान खात्याच्या नोंदींतलं इथलं सगळ्यात लवकरचं आगमन. लोकल रखडल्या, आमचं ऐरोलीचं ऑफिस 'वर्क फ्रॉम होम' झालं आणि मला चिंता नऊ इंच रोपांची. शेजारच्या पोराने व्हिडिओ पाठवला. डोक्यावर इरलं घेतलेली काकी गुडघा सांभाळत एकेक पाळ फावड्याने फोडतेय, पाणी ढिगावरून घसरून जातंय, रोपं उभी. वाडीत रोहिणीची वाट बघणाऱ्यांचं बी चिखलात गेलं. त्यांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं.

तुमच्या ग्रिलमध्ये हे सगळं जमेल का? माटव चढवायला जागा नसेल तर वेलांच्या नादी लागू नका. भेंडी, लाल माठ, चवळी मेमध्ये कुंडीत खुशाल टाका. सिमेंटच्या कट्ट्यावर कुंडी तळातून तापते, खाली करवंट्या ठेवा. आणि पाकिटावर हायब्रिड लिहिलं असेल तर पुढच्या वर्षासाठी बी जपू नका, मूळ झाडासारखं पीक येत नाही.

चतुर्थीला गेले तेव्हा माटवीला दोन पडवळं होती, शेंड्याला दगड बांधून सरळ वाढवलेली. तीन चिबूड पिकून तडकले. गूळ-खोबरं घालून दोन आम्ही संपवले, तिसऱ्याला काकीने कुणाला हात लावू दिला नाही. तो बियाण्याचा. काकडीशेजारी चिबूड लावला की जात बिघडते असं तिचं ठाम मत. या दोघांचा संकर होत नाही हे मी सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि बियांच्या दोन बाटल्या एकमेकींपासून लांब ठेवल्या.

दिवाळीनंतर ती पुण्याला गेली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गुडघ्याला आराम आहे. जाताना बाटल्या फळीवर ओळीने मांडल्या, प्रत्येकीतली राख-बियांची मूठ कागदात बांधली आणि म्हणाली, "अर्धे तू व्हर." उरलेल्या तिच्या हँडबॅगेत गेल्या, औषधांच्या शेजारी.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे घाई नाही, रोहिणीतच पेरायचं, असा फोन पुण्याहून जानेवारीतच आला. मी २५ मेपासूनची रजा त्याच दिवशी टाकली. कारणाच्या रकान्यात 'रोहिणी' लिहिलं होतं. मॅनेजरने मंजूर केली आणि विचारलं, लग्न कुठे आहे?