जिप्सीचा दुसरा दांडा

गेल्या सत्रात मी माझी जिप्सी विकली आणि एक जुनी टियागो घेतली. वर्गात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पीटीपर्यंत बातमी सगळ्या हाउसमध्ये पोचली होती. आमच्या शाळेत मराठी मुलं मोजकीच. त्यातल्या एकाने व्हरांड्यात गाठून विचारलं, "सर, जिप्सी का विकलीत? फौजी गाडी होती ती!" तेवढ्यात तासाची घंटा झाली. मराठी पानासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा त्याचं राहिलेलं उत्तर इथेच द्यायचं ठरवलं.

आधी जिप्सीची बाजू. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली. पुढे लष्करात जोंगाची जागा तिने घेतली आणि मग डोंगरातल्या प्रत्येक पोराला ती आपलीच वाटू लागली. माझी गाडी २०१० सालची, १२९८ सीसीची. ती मी हल्द्वानीत जुनी घेतली होती. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते, आणि आणखी एका जागी नेला की फोर-एल लागतो, म्हणजे गाडी चालते मुंगीच्या पावलाने पण ओढते बैलासारखी. उतारावर फोर-एलमध्ये ब्रेकला फारसा पाय न लावता गाडी उतरवता येते. ज्याने हे एकदा केलं आहे, त्याला ते सुख वेगळं सांगायला नको.

मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे पुढची गोष्ट जरा खोलात जाऊन सांगतो. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर धावतात, मागची लहान. दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असतील तर हा फरक चाकांनी घसरून भरून काढावा लागतो. चिखलात, बर्फात चाक सहज घसरतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, सगळा ताण गिअरबॉक्सवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर दुसऱ्या दांड्याला हात लावायचा नसतो. याचा अर्थ असा, की वर्षातले बहुतेक दिवस जिप्सी ही फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी असते, आणि तिची मागची बाजू रिकामी असली की हलकी. भर पावसात ओल्या वळणावर पुढच्या चाकांवर चालणारी लहान गाडी तिच्यापेक्षा शहाण्यासारखी वागते, कारण इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. ब्रेक तर दोघींनाही चारी चाकांना आहेत.

कॅडेटना आणखी एक गोष्ट पटत नाही. टियागोचं इंजिन ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पण ताकद ८६ पीएस. जिप्सीची ८० च्या आसपास. वजन दोघींचं टनाच्या घरात. तरी माझ्या जिप्सीला घाटात लिटरला दहा किलोमीटर जेमतेम मिळत, कारण ट्रान्सफर केस, पुढचा आस, जाड टायर आणि कपाटासारखं तोंड हे सगळं ती रोज ओढत असते, गरज असो वा नसो.

मी भीमतालला राहतो. शाळेत जाणं-येणं, हल्द्वानीचा बाजार, काठगोदामला पाहुण्यांना आणणं-सोडणं, असं महिन्याला हजार किलोमीटर होतं. वर्षाला जिप्सीला १२०० लिटर पेट्रोल लागायचं. टियागोला याच घाटात लिटरला पंधरा धरले तर ८०० लिटर. लिटरला ९५ रुपये धरले तर फरक ३८ हजारांचा. शिवाय जिप्सीला पंधरा वर्षं होत आली होती. पुन्हा नोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५,००० झाली आहे, त्याआधी गाडी तपासणीत पास व्हायला हवी, आणि पास होण्यासाठी काय काय बदलावं लागेल याची यादी मेकॅनिकने तोंडपाठ म्हणून दाखवली.

पण पैशासाठी गाडी विकली असं म्हणणं खरं नाही. इतके पैसे मी एरवीही हौसेवर घालवले असते.

लॉगबुक भरतात तसं मी एक वर्ष डायरीत लिहून ठेवलं, की दुसरा दांडा कधी हलवला. वर्षात नऊ वेळा. तीनदा साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना मुक्तेश्वरचा बर्फ दाखवायला. दोनदा दुसऱ्याची गाडी गटारातून ओढायला. तीनदा पावसाळ्यात रस्त्यावर आलेल्या चिखलातून. आणि एकदा रात्री, वरच्या वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा. १०८ ची रुग्णवाहिका डांबराच्या टोकाला येऊन उभी होती आणि मधला दोन किलोमीटर कच्चा रस्ता तिला जमण्यासारखा नव्हता. आठ वेळा गाडी नसती तर फार तर उशीर झाला असता. नवव्या वेळी उशीर चालला नसता. ती रात्र मी कुठल्या रकान्यात मांडणार? तिच्यामुळेच विक्री पाच-सहा महिने रेंगाळली.

संकटात जिप्सीच कामाला येते असं मला बरेच जण सांगत. येते, पण रस्ता असेल तर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कुमाऊँत जो पाऊस झाला, त्यात मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४० मिलिमीटर नोंदला गेला, नैनितालचा तलाव रस्त्यावर आला आणि शहराचा संपर्क तुटला. आमच्या वाटेवरही दरड होती. तेव्हा जिप्सी दारात उभी होती आणि आम्ही पायी चालत होतो. दरडीपुढे चार चाकांची ताकद आणि दोन चाकांची सारखीच. जेसीबी येईपर्यंत दोघींनीही थांबायचं.

निर्णय शेवटी मागच्या सीटवर झाला. जिप्सीच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवी बाकं असतात. आमची मुलगी सहावीत आहे, ती रोज तिथे बसून शाळेला जायची. बाकाला बेल्ट नाही, गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, त्याच सुमारास जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली, हे मला माहीत होतंच. एका रात्री मी डायरी उघडून पुन्हा नवव्या नोंदीवर आलो, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, वर्षातल्या एका रात्रीसाठी तुम्ही पोरीला रोज आडवी बसवून नेताय." यावर माझ्याकडे फिजिक्सचंही उत्तर नव्हतं. टियागोला ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते. पाच नाहीत, पण आडव्या बाकाच्या मानाने पुष्कळ.

दोन्ही गाड्या ठेवाव्यात असंही मनात आलं. पण आमच्याकडे जागा एकीचीच, आणि उभी राहिलेली गाडी तयार राहत नाही. बॅटरी उतरते, टायर कडक होतात, ब्रेक गंजतात. नेमकी गरज पडलेल्या रात्री सुरू न होणारी जिप्सी काय कामाची?

मग गिऱ्हाईक शोधताना मी दलालाला टाळलं. रामगढच्या बाजूला कुमाऊँ रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार राहतात. आडू आणि सफरचंदाची बाग, घर कच्च्या रस्त्याच्या अगदी टोकाला, वर आणखी दोन वस्त्या. दलालापेक्षा त्यांनी वीस हजार कमी दिले. घरी त्यावरून दोन दिवस थोडं ऐकून घ्यावं लागलं. पण त्यांच्याकडे दुसरा दांडा पावसाळ्यात रोज हलतो, वर्षातून नऊदा नाही.

जुलैत त्यांचा फोन आला. वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना भर पावसात भवालीला दवाखान्यात पोचवलं होतं, सबंध उतार फोर-एलमध्ये. गाडीची तारीफ करून झाल्यावर म्हणाले, "मास्टरजी, रिव्हर्स गिअर मात्र पडताना कुरकुरतो, काय करावं?"

"आधी पहिला टाका, मग रिव्हर्स," मी सांगितलं. "आणि घाई करू नका. तिला घाई आवडत नाही."