गरुडाची भाऊबंदकी

गरुड आणि नाग यांचें वैर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतें. पण ते दोघे एकाच बापाचे लेक, हें सहसा ध्यानांत राहत नाहीं. कश्यपाच्या भार्यांपैकीं कद्रू व विनता या सख्ख्या बहिणी. एकीच्या अंड्यांतून नाग निघाले, दुसरीच्या अंड्यांतून अरुण व गरुड. या कथेंत जीवशास्त्र शोधावयास आम्ही निघालों नाहीं. पुराणांत विमानें सांपडल्याचा आनंद मानणाऱ्या पंथाचे आम्ही नव्हों. तथापि अंड्याचें नातें जुन्यांनीं पाहिलें होतें खरें. मनुस्मृतींतील अंडजांच्या वर्गांत पक्ष्यांच्या पंगतीस सर्प, मगरी, मासे व कांसवें बसलेलीं आहेत.

पाश्चात्य विद्वानांना ही पंगत बराच काळ मानवली नाहीं. उष्ण रक्ताचें, गाणारें पांखरूं आणि थंड, खवल्यांचें, पोटानें सरपटणारें जनावर यांचें कुळ एक म्हणावयास मन सहज धजत नाहीं. डार्विनच्या ग्रंथास पुरतीं दोन वर्षें झालीं न झालीं तोंच, 1861 मध्यें बव्हेरियांतील सोल्नहोफेनच्या परिसरांत एका प्राण्याचा सांगाडा उजेडांत आला. आपल्या जुन्या पोथ्या ज्या शिळाछापानें निघत, त्या कलेस लागणारा बारीक कणांचा दगड तेथील खाणींत निघे. म्हणून पिसांचे ठसेही त्यावर शाबूत उमटले होते. पंख पक्ष्याचे, पण त्यांना मोकळीं नखें, आणि मागें सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी! हाच सुमारें 15 कोटी वर्षांपूर्वींचा आर्किऑप्टेरिक्स. ब्रिटिश म्यूझियमनें 1862 मध्यें इतर जीवाश्मांसह तो 700 पौंडांस घेतला. तेथील रिचर्ड ओवेन यांनीं तो निखालस पक्षी ठरविला. हक्स्ले यांनीं मात्र पक्ष्यांचें नातें डायनोसॉरांशीं, विशेषतः बव्हेरियांतच सांपडलेल्या काँप्सोग्नॅथस नांवाच्या कोंबडीएवढ्या प्राण्याशीं, जोडून दाखविलें.

पुढें 1926 मध्यें डेन्मार्कचे हाइलमान यांनीं या मतास मोठा अडसर घातला. ते पेशानें चित्रकार. पण ग्रंथ असा कसून लिहिला कीं पंडितांनींही मान तुकविली. डायनोसॉरांना गळ्याजवळील हांसळीचें हाड नाहीं, तेव्हां ते पक्ष्यांचे पूर्वज होऊं शकत नाहींत, असा त्यांचा मुद्दा. हें हाड अनेक डायनोसॉरांना होतें, हें मागाहून सिद्ध झालें.

आमच्या मतें या सर्व वादाचा निकाल एका दगडानें आधींच दिला होता. 1951 मध्यें आइख्श्टेटजवळ मिळालेला एक सांगाडा सुमारें वीस वर्षें काँप्सोग्नॅथस म्हणूनच गणला गेला. पुढें पिसांचे पुसट ठसे दिसले, आणि तो आर्किऑप्टेरिक्स निघाला! पिसें झांकलीं कीं तज्ज्ञालाही पक्षी आणि डायनोसॉर वेगळे सांगतां येईनात, याहून नात्याचा पुरावा तो कोणता? त्यानंतर अमेरिकेचे ऑस्ट्रॉम यांनीं डायनोनिकसच्या हाडांवरून हक्स्ले यांचें मत पुन्हां उभें केलें, आणि 1996 मध्यें चीनच्या ल्याओनिंग प्रांतांतून अंगावर लव असलेला डायनोसॉर जगापुढें आला.

इतकें होऊनही आपल्या पाठ्यपुस्तकांत सरीसृप व पक्षी हे दोन वर्ग निराळेच शिकविले जातात. सोयीपुरतें तें ठीक. पण त्यामुळें एक विलक्षण गोष्ट झांकली जाते. हयात प्राण्यांत गरुडाचा सर्वांत जवळचा भाऊबंद नाग नव्हे, मगर. नागाच्या व घोरपडीच्या हृदयाला कप्पे तीन. मगरीच्या व पक्ष्याच्या हृदयाला चार. सांगलीस कृष्णेच्या कांठीं ऊन खात पडलेल्या मगरीला घोरपडीपेक्षां शेजारचा कावळा कुळानें अधिक जवळचा. पिलांविषयींची तिची मायाही पांखरासारखीच: अंड्यांतून आवाज येऊं लागले कीं ती वाळू उकरते, आणि पिलांना जबड्यांत अलगद धरून पाण्याकडे नेते.