न बांधलेल्या जहाजाचे मजले

कांहीं माणसांना प्रवासवर्णनें वाचण्याचा नाद असतो, कांहींना पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचण्याचा. आणि ज्यांना यांपैकीं कशाचाच नाद नाहीं अशीं माणसें रेल्वेचें वेळापत्रक चवीनें वाचतांना आम्हीं पाहिलीं आहेत. आमचा नाद नकाशांचा. देशांच्या नव्हे, घरांच्या. वर्तमानपत्रांत नव्या इमारतीची जाहिरात आली कीं तींतील हंसरें कुटुंब सोडून आमचे डोळे कोपऱ्यांतील आराखड्याकडे वळतात, आणि स्वयंपाकघराचें दार दिवाणखान्यांत उघडतें कीं काय तें पाहून त्या घराचें बरेंवाईट आम्ही मनाशीं ठरवून टाकतों. हा नाद निरुपद्रवी आहे असें घरचीं माणसें आजवर समजत आलीं होतीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत ज्या घराचा आराखडा आम्ही रात्रीं जागून वाचीत होतों तें मुळांत घर नव्हे, जहाज. तेंहि समुद्रावरचें नव्हे, ताऱ्यांमधून जाणारें. आणि तेंहि कोणीं कधीं बांधलेलें नाहीं, हें कळल्यावर सौभाग्यवतींनीं “पन्नाशी उलटली कीं असें होतें” एवढेंच म्हणून दिवा मालवला.

जहाजाचें नांव ‘एन्टरप्राइझ’. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेंत १९६६ च्या ८ सप्टेंबरला सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ सालीं बंद पडली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकांत दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं लागे, आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यांत सतरंजीवर बसून ती पाहणाऱ्या मुलांत आम्हीहि होतों. इंग्रजी संवाद अर्धेमुर्धे कळत. पण पाळण्यांत शिरावें, भिंतीवरची मूठ धरावी, मजल्याचें नुसतें नांव घ्यावें आणि दार उघडतांच तेथें पोहोंचलेलें असावें, हें मात्र पुरतें कळे. ज्या घरांत जिन्यावरून पडून आमचा दांत पडला होता त्या घरच्या मुलाला याहून मोठा चमत्कार कोणता वाटणार?

हें जहाज ९४७ फूट लांब, आणि त्यांत ४३० माणसें राहतात, असें कथाकार सांगतात. पुढें एक मोठी तबकडी, तिच्याखालीं मागें एक लांबट नळकांडें, आणि त्यापासून दोन हात वर करावेत तशीं दूर धरलेलीं दोन इंजिनें. ही आकृति मॅट जेफ्रीज यांची. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बफेकी विमानांत काम केलेला हा गृहस्थ यंत्रें कोठें बिघडतात व तीं दुरुस्त करणाऱ्याचे हाल कसे होतात हें स्वतःच्या अनुभवानें जाणत होता. इंजिनें इतकीं प्रबळ असणार कीं तीं माणसांपासून दूरच हवींत, आणि दुरुस्ती आंतूनच करतां यावी म्हणून जहाजाच्या पाठीवर कांहींहि लोंबतें ठेवूं नये, असे त्याचे साधे, कारागिराला शोभणारे विचार. जहाजांतल्या एका तिरप्या, शिडीच्या बोगद्याला सहकाऱ्यांनीं थट्टेनें त्याचेंच नांव दिलें. आणि कथेंतील लोकहि पुढें तो बोगदा त्याच नांवानें ओळखूं लागले.

आंत मात्र कांहीं नव्हतें. चित्रीकरणाच्या कोठारांत एक वळणदार बोळ उभारलेला होता. त्याच बोळांतून पात्रें पुनःपुन्हां चालत गेलीं म्हणजे प्रेक्षकानें मैलभर जहाज पाहिलें असें होई. निजण्याची खोली म्हणून जें दालन होतें त्यांतील सामान बदललें कीं कप्तानाची खोली वैद्याची होई आणि वैद्याची आणखी कोणाची. पाळणा तर जागचा हलतच नसे. भिंतीमागून दिवे सरकवीत. याला फसवणूक म्हणण्याचें कारण नाहीं. आमच्या नाटकमंडळींनीं एकाच पडद्यावर राजवाडा आणि अरण्य दोन्हीं भागवलीं आहेत. परंतु नाटक संपल्यावर त्या राजवाड्याचें मुदपाकखाना कोणत्या अंगाला आहे असें विचारीत कोणी पडद्यामागें गेल्याचें ऐकिवांत नाहीं. या जहाजाच्या बाबतींत लोक गेले.

सर्वांत दूरवर गेला तो फ्रान्झ जोसेफ श्नाउबेल्ट. सॅन डिएगो येथें विमानांच्या धंद्यांत आराखडे काढण्यांत त्याचें आयुष्य गेलेलें. मालिकेचें वेड त्याला नव्हतें. तें त्याच्या मुलीला होतें. तिनें व तिच्या मित्रमंडळानें केलेल्या नकला पाहून या गृहस्थानें पेन्सिल उचलली, आणि १९७५ सालीं ‘एन्टरप्राइझ’चे सर्व मजले दाखविणारे बारा तक्ते छापून बाहेर पडले. आमच्यापुढें होता तो संच एका माजी विद्यार्थ्यानें परदेशांतील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणून दिलेला. घड्यांवर कागद विरलेला, पण रेघ कशी! खऱ्या विमानाची रेघ आणि खोट्या जहाजाची रेघ यांत त्या हातानें यत्किंचितहि भेद केलेला नाहीं. निजण्याच्या खोल्या आल्या तशीं न्हाणीघरें आलीं. हीं पडद्यावर कोणीं कधीं पाहिलीं नव्हतीं, कारण वीररसाला त्यांचें वावडें असतें. नकाशा काढणाऱ्याला तें सोंवळें परवडत नाहीं. ४३० माणसें म्हटलीं कीं तीं कोठें जेवतात, त्यांचे कपडे कोठें धुतले जातात, आजारी पडलीं तर त्यांना उचलून किती लांब न्यावयाचें, हे प्रश्न कागदच विचारूं लागतो.

यांतला एक प्रश्न तर असा अवघड निघाला कीं पन्नास वर्षें लोक त्यावर भांडत आहेत. तबकडीच्या माथ्यावर जहाज हांकण्याची वाटोळी खोली आहे. मध्यें कप्तानाची खुर्ची, समोर मोठा पडदा. कप्तान पुढें पाहतो म्हणजे जहाजाच्या नाकाकडे पाहतो, असें कोणीहि धरून चालेल. पाळण्याचें दार त्याच्या नेमकें पाठीमागें नाहीं. डाव्या खांद्यामागें, कडेला आहे. आतां जहाजाची बाहेरची प्रतिकृति पाहावी, तों माथ्यावरील घुमटाच्या मागें एक लहानसा उंचवटा आहे. तो पाळण्याच्या विहिरीचा म्हणावा, तर बरोबर मध्यरेषेवर! आंतलें आणि बाहेरचें जमत नाहीं. दुसरा एखादा असता तर त्यानें उंचवटा पुसला असता किंवा दार सरकवलें असतें. श्नाउबेल्टनें दोन्हींतलें कांहींच केलें नाहीं. दार पडद्यावर दिसलें आहे, उंचवटा प्रतिकृतीवर दिसला आहे, दोन्हीं खरीं. मग त्यानें सबंध खोलीच डावीकडे ३६ अंशांनीं फिरवली. म्हणजे ताऱ्यांच्या समुद्रांतून जहाज सरळ चाललें आहे, आणि कप्तान मात्र जरासा तिरका बसला आहे! हें कित्येक भक्तांना अपमानास्पद वाटलें व अजून वाटतें. आम्हांला त्यांतील सचोटी आवडते. पुढें जो पडदा आहे ती खिडकी नव्हे. त्यावर जहाजाच्या नाकाकडचें चित्र उमटतें आहे तोंवर बसणाऱ्याचें तोंड कोणीकडे का असेना.

शास्त्राच्या प्राध्यापकांना या नकाशाची जी गोष्ट खटकते ती वेगळीच आहे. आमच्या कॉलेजांतील एका पदार्थविज्ञानवाल्यांनीं तक्ता हातीं घेतल्याबरोबर तो आडवा धरला. त्यांचें म्हणणें असें: इंजिन जहाजाला पुढें रेटतें, तर आंतल्या माणसाला आपण शेपटीकडे दाबलों जातों असें वाटणार; म्हणून शेपटीकडची बाजू ती जमीन, आणि मजले मनोऱ्यासारखे एकावर एक, नाकाच्या दिशेनें चढते हवेत. येथें ते समुद्रावरील आगबोटीसारखे लांबीला समांतर आहेत. बोलणें बिनतोड आहे. कथेंत कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे एवढेंच उत्तर आहे, आणि तें उत्तर पैशाचें आहे. जमिनीवर उभें राहून चित्रीकरण करणें स्वस्त पडतें. कुब्रिकनें ‘२००१’ या १९६८ च्या चित्रपटासाठीं गरगर फिरणारें ३८ फूट व्यासाचें चाक खरोखरीच उभारलें, आणि त्याच्या आंतल्या परिघावरून माणूस धांवता दाखविला. तें बरोबर आहे, सुंदर आहे. आणि त्या चाकांत आम्हांला एक रात्रहि राहवणार नाहीं. ‘एन्टरप्राइझ’मध्यें राहवेल.

राहवेल खरें, पण एकट्यालाच. बारा तक्ते पुनःपुन्हां चाळून पाहिले, ४३० माणसांच्या त्या वसाहतींत पाळण्यावर झोंका घेणारें कोणी नाहीं, काठी टेंकीत चालणारें कोणी नाहीं. सगळे तरुण, सगळे कामाचे. १९८७ सालीं मालिका पुन्हां नव्यानें सुरू झाली, तेव्हांचें जहाज ४२ मजल्यांचें, हजारावर वस्तीचें, आणि त्यांत बायकामुलें व शाळाहि. अँड्र्यू प्रोबर्ट यांच्या या जहाजाची तबकडी संकटसमयीं तुटून वेगळी होते, म्हणजे मुलें एकीकडे व लढाई दुसरीकडे ठेवतां येते. ही सोय प्रत्यक्षांत फारच थोड्या भागांत वापरली गेली. कथाकारांनाच तिचा कंटाळा आला असावा. पण घर म्हटलें कीं अशी एखादी तजवीज आराखड्यांत यावी लागते. म्हाताऱ्यांची मात्र तेथेंहि आबाळच.

हा मुद्दा आम्हांला लागला त्याचें कारण घरगुती आहे. आमच्या मातुश्रींना चौऱ्यायशींवें चालू आहे. पुण्यांतील चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बिऱ्हाडांत त्या आठ वर्षें राहत आहेत. पण दोन वर्षांपासून त्या रात्रीं तेथें नसतात. रात्रीं त्या साताऱ्याकडच्या आमच्या वाड्यांत असतात. तो वाडा २००४ सालीं पडला, म्हणजे आम्हीच भावंडांनीं सह्या करून पाडूं दिला. पहांटे तीनच्या सुमारास त्या उठत आणि थेट गॅलरीच्या दाराशीं जाऊन कडी खडखडवीत. दाराला कुलूप होतें. आम्ही जागे होऊन गेलों कीं म्हणत, “अरे, परसदार कोणीं लावून घेतलें? मला न्हाणींत जायचंय.” न्हाणीघर दाखविलें तर त्यांना तें ओळखूं येईना, भलत्याच घरांत आणल्यासारख्या आमच्याकडे बघत. वैद्यांनीं गोळ्या दिल्या. त्यांनीं दिवसाहि झोंप येऊं लागली, रात्रीं कडी वाजायची ती वाजेच.

एका रविवारीं आम्हीं चौकटीचा कागद घेतला आणि त्यांच्याजवळ बसून वाड्याचा आराखडा काढूं लागलों. सकाळीं काय जेवलों हें ज्यांना सांगतां येत नाहीं त्या माउलीनें दिंडीपासून परसापर्यंत एक कोनाडा चुकविला नाहीं. धाकट्या बंधूंना फोन लावला होता. माडीच्या जिन्याला नऊ पायऱ्या होत्या असें ते म्हणाले. “अकरा,” मातुश्री म्हणाल्या, “पण दुसरी मोडकी. ती सोडून पाय टाकायचा, सांग त्याला.” माजघराशेजारची त्यांची खोली निघाली, तींतला पलंग निघाला. उशी पूर्वेकडे, आणि उठून उभें राहिलें कीं उजव्या हाताला परसदार, त्यापलीकडे न्हाणी. येथें आमच्या बिऱ्हाडांत उजव्या हाताला गॅलरी, न्हाणीघर डावीकडे.

भिंती हलविणें शक्य नव्हतें. आम्हीं पलंग फिरवला. उशाचें पायथ्याशीं केलें. आतां उजव्या हाताला न्हाणीघर आलें. पण उशी उत्तरेला गेली, आणि उत्तरेस डोकें करून जिवंत माणसानें निजूं नये हें सौभाग्यवतींना ज्यांनीं शिकविलें त्या मातुश्रीच. त्या काय म्हणतील या धास्तीनें सौभाग्यवती दाराशींच उभ्या राहिल्या. मातुश्रींनीं उशी चांचपली, खिडकीकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आडव्या झाल्या. त्यांच्या वाड्यांत ती पूर्वच होती. त्या रात्रीं कडी वाजली नाहीं. पुढेंहि बहुतेक रात्रीं वाजत नाहीं. वाजते तेव्हां सौभाग्यवती उठून त्यांचा हात धरतात आणि “परसदार इकडे आहे, आई” म्हणून घेऊन जातात.

‘एन्टरप्राइझ’ची जी मूळ प्रतिकृति चित्रीकरणाला वापरीत ती सुमारें अकरा फुटांची, बरीचशी लांकडाची. १९७४ सालीं ती वॉशिंग्टनच्या विमानविद्येच्या संग्रहालयाला देण्यांत आली, आणि २०१६ सालीं दुरुस्त होऊन तेथें पुन्हां मांडली गेली. तिची उजवी बाजूच तेवढी पुरती सजविलेली आहे. आंतल्या दिव्यांच्या तारा डावीकडून बाहेर काढीत म्हणून ती बाजू कॅमेऱ्यासमोर येत नसे. म्हणजे बाहेरूनहि जहाज अर्धेंच! यंत्रशाळा नक्की कोठें, तबकडींत कीं खालच्या नळकांड्यांत, यावर भांडणारे अजून भांडतात. जहाजावरील लहान होडी आंतून ताठ उभें राहण्याइतकी उंच आणि बाहेरून ठेंगणी आहे, यावरहि भांडतात. त्यांना कोणी हंसलें तर आम्ही आतां त्या हंसण्यांत सामील होत नाहीं.

१९६६ च्या एका भागांत जहाजावर एक विलक्षण सांथ येते आणि माणसें भान सोडून वागूं लागतात. त्यांतला एक तरुण अधिकारी यंत्रशाळेंत स्वतःला कोंडून घेतो, बेसूर गातो, आणि आज संध्याकाळीं बोलिंगच्या दालनांत नाच आहे अशी दवंडी सगळ्या जहाजभर पिटतो. भ्रमिष्टाचें बोलणें, असें दालन पडद्यावर आधीं दिसलें नाहीं, नंतरहि नाहीं. श्नाउबेल्टच्या तक्त्यांत तें आहे. खालच्या भागांत, मजल्याचा क्रमांक घालून, चेंडू घरंगळविण्याच्या पट्ट्यांसकट, रीतसर मापानें काढलेलें.