दिंडोरी, वार्ताहर

पौषात रात्रीचा पारा उतरू लागला की आमच्या दिंडोरी तालुक्यात रद्दीला मागणी येते. थॉम्पसन द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायचे ते दिवस. त्याच सुमाराला रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांच्यातलं अंतर वाढलं, तर हिरवे मणी गुलाबी पडतात. बागाईतदार त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. युरोपला जाणारा पांढरा माल एकसारखा हिरवा लागतो, त्यामुळे गुलाबी मण्यांचा घड निर्यातीतून बाद होतो. म्हणून पाणी उतरण्याआधीच घडाघडाला कागद लावतात. बायांच्या टोळ्या वेलीखाली मान वर करून दिवसभर हेच काम करतात. हा कागद म्हणजे बहुतेक ठिकाणी जुनं वर्तमानपत्र.

गेली सव्वीस वर्षं मी नाशिकच्या एका दैनिकाचा दिंडोरीचा वार्ताहर आहे. माझी बातमी आमच्याकडे दोनदा बागेत जाते. सकाळी बागाईतदार ती चहासोबत वाचतो आणि तिच्या भरवशावर काही ठरवतो. पुढे थंडीत तोच कागद घडावर चढतो. दुसऱ्या खेपेला अक्षरं काय आहेत याने काही बिघडत नाही. पहिल्या खेपेला मात्र फार बिघडतं. द्राक्षाच्या गावात बातमी ही औषध-खतासारखीच बागेत पडते. प्रमाण चुकलं तर पीक भोगतं. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली, आणि माझ्या शिकण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. हा लेख त्याबद्दल आहे.

नाशिकहून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर दिंडोरी. तालुक्यात करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव अशी धरणं. एका अंगाला निफाड-पिंपळगावचा सपाट बागाईत पट्टा, दुसऱ्या अंगाला पेठ-सुरगाण्याचे डोंगर. बाहेरचा माणूस येतो तो ‘वाइनचं गाव’ बघायला. त्याला द्राक्षबागांमागे मावळणारा सूर्य दिसतो, स्टीलच्या टाक्या दिसतात, चव घेण्याची खोली दिसते. ते खोटं नाही. पण गावची बाजारपेठ बघितली तर खरा कारभार कळतो. कृषी सेवा केंद्रं, माती-पाणी-पान-देठ तपासणाऱ्या प्रयोगशाळा, डॉगरिजची खुंटरोपं विकणाऱ्या रोपवाटिका, तार आणि अँगलची दुकानं, फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करणारे, खोकी पुरवणारे, शीतगृहं. आणि पहाटे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. तालुक्यातल्या बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. वाइनच्या वाणांची लागवड त्या मानाने थोडी. आमच्या बातम्यांचं वर्षही कॅलेंडरवर चालत नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता-सरता गोडी छाटणी होते, तिच्यातून घड येतात. माल निघतो तो साधारण जानेवारी ते एप्रिल. छाटणीनंतरचा प्रत्येक दिवस मोजलेला असतो. ‘बाग कितव्या दिवसावर आहे?’ हा आमच्याकडे ख्यालीखुशालीचा प्रश्न आहे.

मी या कामात आलो तेव्हाच वाइनचा बोलबाला सुरू झाला होता. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी लावलेल्या बागेतून ‘सुला’ उभी राहिली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क जाहीर केले. पुढच्या सहा-सात वर्षांत किती भूमिपूजनांच्या बातम्या मी दिल्या याची मोजदाद नाही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने ही नावं पारावर रुळली. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवण्यासाठी डिपिंग लागतं, विरळणी लागते, मजुरांचा मोठा खर्च लागतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीकच हवा असतो, त्यामुळे हा खर्च वाचतो. वर वायनरीशी करार; दर आधीच ठरलेला. एका बाजूला शेतकऱ्याला ‘भाव किती फुटेल’ ही धास्ती नाही, दुसऱ्या बाजूला गावात कारखाना. मला ती बातमी मनापासून आवडायची आणि मी ती मनापासून लिहायचो.

एकच गोष्ट मी केली नाही. करार वाचला नाही.

२००८च्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांमध्ये आधीच्या हंगामाची वाइन पडून होती. पुढच्या हंगामात कित्येक वायनऱ्यांनी द्राक्षं उचलली नाहीत. काहींनी उचलली, पण पैसे थकवले. एका सकाळी माझ्या घरी सात बागाईतदार आले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला करार. ज्या वायनरीच्या उद्घाटनाची बातमी मी चार कॉलमी दिली होती, तिच्याशीच झालेला. त्या दिवशी ओसरीवर बसून मी तो पहिल्यांदा वाचला. साखर किती हवी, रोगट मणी किती चालतील, तोड कोणत्या दिवशी करायची हे ठरवणार वायनरी. माल नाकारायचा अधिकार वायनरीला. वायनरीने माल उचललाच नाही तर काय, याविषयी एक ओळही नव्हती. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकावं तर ते बियांचं, बारीक. खाणारा माणूस ते घेत नाही. त्यांच्यातले एक नाना म्हणाले, “भाऊ, तुम्ही फोटो छापला म्हणून आम्हाला वाटलं, तुम्ही सगळं बघितलं असंल.” त्या दोन वर्षांत लोकांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. नानांनीही तोडली.

तेव्हापासून कोणत्याही उद्योगाची बातमी देताना मी फितीचा फोटो शेवटी मागतो आणि कराराची प्रत आधी. मुदत किती, दर कशावर ठरणार, माल नाकारला तर भरपाई काय, तंटा झाला तर दाद कुठे मागायची, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय बातमी पुढे पाठवत नाही. गेल्या काही वर्षांत करार सुधारलेही आहेत. साखरेनुसार, प्रतीनुसार दराच्या पायऱ्या ठरवून नियमित पैसे देणाऱ्या वायनऱ्या आहेत, वर्षानुवर्षं त्यांना माल घालणारी घरं आहेत. त्यांचीही बातमी मी तितक्याच अगत्याने देतो. चांगला करार कसा असतो हे दिसलं तर शेजाऱ्याला वाईट करार ओळखता येतो.

दुसरी चूक माझ्या जास्त जिव्हारी लागली. ती अवघ्या एका आकड्याची होती.

खाण्याच्या द्राक्षाचा व्यवहार बहुतेक बागेतच होतो. व्यापारी येतो, बाग फिरतो, मणी दाबून बघतो, दोन-चार चाखतो आणि किलोला भाव बोलतो. त्याला शिवार सौदा म्हणतात. त्यामुळे कांद्यासारखा सगळ्यांसमोर पुकारलेला भाव इथे नसतो; पेपरात येईल त्यावरच लोक अंदाज बांधतात. एका फेब्रुवारीत मी चौकटीत भाव दिला. आकडा खरा होता. पण तो एका गावातल्या एका बागेतल्या, अठरा मिलिमीटरच्या वर मणी असलेल्या, कागद लावलेल्या निर्यातीच्या मालाचा होता. मी मथळा केला, ‘द्राक्षाला भाव’ आणि पुढे आकडा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका तरुण बागाईतदाराने त्याच आकड्याचा आग्रह धरला. त्याचा माल चांगला होता, पण देशांतर्गत बाजाराचा. व्यापारी दोन रुपये चढला, मग उठून गेला. तिसऱ्या रात्री पाऊस आला. साखर भरलेल्या मण्यावर पाऊस पडला की साल पाणी पिते आणि मणी तडकतो. सकाळी त्याच्या बागेत मी उभा होतो तेव्हा घडांतून रस ठिबकत होता आणि माश्या घोंगावत होत्या. तो मला काहीच बोलला नाही. त्याच्या आईने चहा आणून दिला.

पाऊस माझ्या बातमीने आणला नव्हता, हे खरं. पण ते तीन दिवस माझ्या बातमीने खाल्ले. त्यानंतर मी भाव कधीही एकटा छापलेला नाही. वाण कोणता, मण्याची फुगवण किती, माल निर्यातीचा की देशातला, गाव कोणतं, सौदा कोणत्या तारखेचा, पैसे रोख की उधार, हे सगळं त्याच ओळीत असतं. उधारीची गोष्ट मुद्दाम लिहितो. दर हंगामात परप्रांतातला एखादा व्यापारी चढा भाव बोलून, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे चोख देऊन, नंतरचा माल उधारीवर उचलून पसार होतो. २०२०-२१मध्ये विशेष पोलिस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा फसवणुकीच्या तक्रारींची मोहीमच हाती घेतली, तेव्हा किती घरांत ही जखम झाकून ठेवलेली होती ते कळलं. लाजेने लोक सांगत नव्हते. चढ्या भावाच्या बातमीत ‘उधार’ हा शब्द असला, की वाचणारा जरा थांबतो.

आणि पाऊस. आमच्याकडची सगळ्यात मोठी बातमी तीच. २००९च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ, २०१४ची गारपीट, २०१७च्या डिसेंबरातलं ओखी वादळ, २०१९चा लांबलेला परतीचा पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ची गारपीट. या तारखा आमच्याकडे लग्नाच्या तारखांसारख्या लक्षात असतात. पावसाची बातमी त्याच रात्री जायला हवी, असं कार्यालय सांगतं. तेही बरोबर. पण द्राक्षाचं नुकसान त्या रात्री पुरतं दिसत नाही. गार पडली तर सकाळी सडा दिसतो. पण बाग फुलोऱ्यात किंवा पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, असताना नुसता पाऊस, ढगाळ हवा आणि दव असलं, तर दुसऱ्या दिवशी वेली हिरव्यागार दिसतात. डाऊनी ही बुरशी पानामागे आणि घडावर उमटायला चार-आठ दिवस जातात. घड कुजला, जिरला, गळाला हे त्यानंतर कळतं. तोवर पत्रकार निघून गेलेले असतात, पंचनामेही काही ठिकाणी उरकलेले असतात. मदतीसाठी नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर दिसावं लागतं. पहिल्या दिवशी बत्तीस दिसलेली बाग आठव्या दिवशी सत्तर टक्के गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून माझ्या वहीत पावसाच्या तारखेपुढे आणखी एक तारीख असते, आठ दिवसांनंतरची. त्या दिवशी मी त्याच बागांमध्ये परत जातो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्याबरोबर बांधावर उभा राहतो, घड मोजतो. ही दुसरी बातमी आतल्या पानावर जाते, छोटी जाते. पण एका वर्षी तिच्या आधारे आमच्या चार गावांत फेरपंचनामे झाले. सव्वीस वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं मानधन तेच समजतो.

कधीमधी मुंबईची बातमी आमच्या दारात येते. २७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कॅमेऱ्यांच्या गाड्या थेट बागेत शिरल्या. वाइन दारू की नाही, एवढ्यावरच वाद रंगला. दारूने मोडलेली घरं आमच्याही गावात आहेत. विरोध करणाऱ्या बायांचं म्हणणं मी पूर्ण छापलं, ते छापायलाच हवं होतं. पण बांधावरचा प्रश्न वेगळाच होता: वायनऱ्या जास्तीची किती टन द्राक्षं घेणार, कोणत्या दराने आणि तसं लिहून कोण देणार? तो प्रश्न पडद्यावर आला नाही. निर्णय अमलात न येता मागे पडला आणि गाड्या निघून गेल्या.

जे मी अजून पुरेसं लिहिलेलं नाही, तेही सांगायला हवं. पेठ, सुरगाणा, कळवणहून येणाऱ्या टोळ्यांशिवाय इथला एकही घड तयार होत नाही. छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट, विरळणी, डिपिंग, कागद लावणं, तोडणी. सगळं उक्तं, एकरावर ठरलेलं. बागेच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्या या घरांत पेपर जात नाही, म्हणून त्यांची बातमीही येत नाही. औषध फवारलेल्या बागेत किती वेळाने शिरावं, पोरांची शाळा हंगामात कुठे भरावी, उक्त्याचे पैसे वेळेवर मिळाले का, या गोष्टी भावाइतक्याच ठळक छापायला हव्यात. यंदा मी एका टोळीबरोबर छाटणीपासून तोडणीपर्यंत जाणार आहे.

दिवाळीत हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ बागा पोंग्यात असतील. कोवळी फूट, नाजूक घड, आणि सगळ्यांची नजर आभाळाकडे. लक्ष्मीपूजनाला वर्तमानपत्रांच्या कार्यालयांना सुटी असते, दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. पण त्या दिवशी माझा फोन पहाटेपासून वाजतो. “भाऊ, पेपर नाही आज. वणीकडं ढग दिसतेत. तिकडं झाला का पाऊस?” मी वणीला फोन लावतो, करंजवणला लावतो, मग परत ज्याचा त्याला करतो आणि सांगतो: अमुक गावात इतके वाजता भुरभुर झाली, ओघळ निघालेला नाही, पुढचं मला ठाऊक नाही. समोरचा “बरं” म्हणतो आणि ब्लोअर जोडायला जातो.