मेहानातील सावकाश जेवण

वार्धक्यात भूक मंदावण्याची कारणे अनेक असतात: काही औषधांचा परिणाम, दातांची दुरवस्था, चवीची क्षीण होत जाणारी जाणीव. यांखेरीज एक कारण मला व्यवसायात वारंवार आढळले आहे, आणि ते कोणत्याही तपासणीत दिसत नाही. ते म्हणजे एकट्याने जेवणे. सासरे गेल्यानंतर माझ्या सासूबाई साताऱ्याच्या घरात हट्टाने एकट्या राहू लागल्या आणि वर्षभरात त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले. सर्व अहवाल निर्दोष होते. तक्रार एवढीच, की ‘घास उतरत नाही.’

धाकटे दीर नोकरीनिमित्त बल्गेरियात असतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी तेथे गेलो. प्लोवदिव्हच्या जुन्या भागातील एका मेहानात, म्हणजे पारंपरिक खानावळीत, त्यांनी आम्हांला नेले. सासूबाई 78 वर्षांच्या, शाकाहारी आणि मधुमेही. दिरांनी ‘बेझ मेसो’, म्हणजे मांसाविना, काही मिळेल का असे विचारताच वाढप्याने मान आडवी हलवली. ‘नाही म्हणतो आहे, चला,’ असे म्हणत सासूबाई उठू लागल्या. बल्गेरियात मान आडवी हलवणे म्हणजे होकार आणि वर-खाली हलवणे म्हणजे नकार, हे कळल्यावर त्या कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसल्या.

प्रथम शोप्स्का सॅलड आले: टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची आणि त्यावर किसलेले ‘सिरेने’ हे पांढरे चीज. मग तारातोर, म्हणजे दही, काकडी, लसूण, शेपू व अक्रोड यांचे थंड सूप. ‘ही तर आपलीच कोशिंबीर, पातळ केलेली!’ सासूबाई म्हणाल्या आणि वाटी रिकामी झाली. नंतर पुदिन्याच्या वासाचे राजम्यासारख्या शेंगदाण्यांचे नव्हे, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे सूप आले. तेही त्यांना उसळीच्या रश्शासारखे वाटले.

तेथील दह्याला मोठा इतिहास आहे. स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने 1905 मध्ये जिनिव्हा येथे त्यातील जिवाणू ओळखला. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या मेचनिकोव्ह यांनी दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. तो दावा आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तरीही प्रथिने आणि कॅल्शियम देणारे, चावावे न लागणारे हे अन्न वृद्धांना सोयीचे आहे, यात शंका नाही.

तथापि काही पथ्ये पाळावीच लागतात. सिरेने मिठाच्या पाण्यात मुरवलेले असते. म्हणून रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी ते वेगळे मागवून बेताने घ्यावे. सॅलडसोबत दिली जाणारी राकिया ही तीव्र दारू असते; झोपेच्या किंवा मधुमेहाच्या औषधांबरोबर ती धोक्याची ठरू शकते. शिवाय तेथे पदार्थ सावकाश येतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी जेवणापूर्वी घेणाऱ्यांनी ती अन्न समोर आल्यावरच घ्यावी; अन्यथा साखर एकाएकी खाली जाऊ शकते. सासूबाईंची गोळी मी सूप मेजावर येईपर्यंत पर्समध्येच ठेवली होती.

जेवण दोन तास चालले. शेजारच्या मेजावर एक आजी नातवंडांसह बसल्या होत्या. त्यांच्या संथ घासांची कोणालाच घाई नव्हती. सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी आणखी एक पावाचा तुकडा मागून घेतला.

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी आपणहून शेजारच्या दोघी मैत्रिणींना दर गुरुवारी जेवायला बोलावण्यास आरंभ केला. आता त्या तिघी आळीपाळीने एकमेकींकडे जेवतात. तीन महिन्यांत सासूबाईंचे वजन दोन किलोंनी वाढले.

वृद्धांचे वजन अकारण घटत असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यात हयगय नको. पण ‘आज काय जेवलात?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणाबरोबर जेवलात?’ हेही घरातल्यांनी विचारावे.