मऊपणाची कैफियत

पशुवैद्यकाच्या पेशातील जी विद्या मला कोणत्याही ग्रंथाने शिकविली नाही, आणि अनेक वर्षांच्या सरावानंतरही जिची लेखी कैफियत मला देता आली नाही, ती म्हणजे घोडीचे बीजपुटक केव्हा फुटणार हे बोटांनी ओळखण्याची. पुण्याच्या आसमंतातील एका स्टड फार्मवर मी तैनात असताना हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता; थरोब्रेडच्या वंशावळीच्या दप्तरात कृत्रिम रेतनाच्या शिंगराची नोंद होत नाही, माजावरच्या घोड्या पुष्कळ आणि वळू मोजके, शिवाय सुटलेले बीज जेमतेम अर्धा दिवस तग धरते; त्यामुळे कोणत्या घोडीला कोणत्या सायंकाळी घोडा दाखवावा, याचा निर्णय माझ्या बोटांवर येऊन ठेपे.

घोडीचे बीजाशय घेवड्याच्या दाण्यासारखे असते, आणि इतर जनावरांत जे बीज पृष्ठभागावर जवळपास कोठूनही बाहेर पडते, ते घोडीत त्या दाण्याच्या खोबणीतूनच पडते. एवढ्या मोठ्या वाड्याला निसर्गाने एकच दिंडी का ठेवली, कोण जाणे. पुटक रोज सुमारे ३ मिलिमीटरने वाढत ४० मिलिमीटरांच्या आसपास जाते, परंतु अखेरच्या एक-दोन दिवसांत ही वाढ थांबते आणि सोनोग्राफीच्या मापाची साक्ष निरुपयोगी ठरते. कालपर्यंत चेंडूसारखा ताठ लागणारा गोळा आज चोखण्यापूर्वी चोळून मऊ केलेल्या रायवळ आंब्यासारखा लागतो, एवढेच तेव्हा बोटांना कळते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या एका स्नेह्याला या मऊपणाचे मूळ पुटकातील द्रवात शोधायचे होते. मालकांच्या किमती घोड्यांना सुई लावणे शक्यच नव्हते. पैदाशीतून निवृत्त झालेली एक वृद्ध घोडी रीतसर परवानगीने मिळाली. पहिल्या खेपेस संध्याकाळी मऊपणा जाणवूनही मी सकाळवर टाकले. जुना मोतद्दार खरारा करता करता म्हणाला, "डागदरसाहेब, ही सकाळपातुर वाट न्हाई बघायची." मी हसलो, सकाळी पुटकाच्या जागी रक्ताने भरलेला गोळा होता. दुसऱ्या माजाला सुई वेळेवर गेली, परंतु द्रव गुलाबी आला, म्हणजे रक्ताची प्रथिने त्यात मिसळली आणि तो नमुना बाद झाला. तिसऱ्या खेपेस मात्र गवती चहाच्या निवळीसारखा पिवळसर, स्वच्छ द्रव सिरिंजमध्ये चढला.

त्या द्रवातील बहुतेक प्रथिने रक्तातूनच झिरपून आलेली असतात, आणि अल्ब्युमिनच्या गर्दीत बाकीची दिसतच नाहीत, हे मला स्नेह्याच्या प्रयोगशाळेतच प्रथम नीट उमगले. स्नेह्याने सांगितले की सुमारे २२ मिलिमीटरांपर्यंत अनेक पुटके बरोबरीने वाढतात. मग एकात वृद्धिघटकाला बांधून ठेवणारी प्रथिने तोडली जातात, तो घटक मोकळा होतो, आणि तेच पुटक पुढे सरकते. बाकीची खुरटतात. पण मला हवा होता तो मऊपणा. त्याने जिलेटिन मिसळलेल्या जेलमधून आमचा नमुना धावविला होता; ते जेल निळ्या रंगात बुडवून धुतल्यावर गडद निळ्या पार्श्वभूमीवर दोन फिकट पट्टे उमटले. जेथे पुटकातील विकराने जिलेटिन खाल्ले, तेथे रंग धरला नव्हता. हेच विकर पुटकाच्या भिंतीतील कोलॅजेनवरही काम करतात, असे तो म्हणाला, तेव्हा मी काहीशा विजयाने विचारले, "म्हणजे माझ्या बोटांना लागतो तो हाच पट्टा?"

"लहान, टणक पुटकातही यांतला एक पट्टा असतोच," तो शांतपणे म्हणाला. "विकर असणे निराळे, आणि त्याला आवरणारी प्रथिने केव्हा माघार घेतात हे निराळे."

मला ते उत्तर रुचले नाही, परंतु त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटला. दुसऱ्या दिवशी पागेत एका घोडीच्या डाव्या बीजाशयावर मला ४१ मिलिमीटरांचे पुटक मिळाले. जरासे नरम, पण अजून रायवळ नव्हे. नोंदवहीत लिहिण्यापूर्वी मी हातमोजा काढला आणि मोतद्दाराकडे पाहिले.

"उद्या," तो म्हणाला.

मी 'उद्या' असेच लिहिले.